ताई न म्हणणारा

पहिला गिअर टाकून मी ॲक्सिलरेटर दिला तर गाडी मागच्या बाजूनं खाली बसली, म्हैस बसते तशी, आणि जागची हलली नाही. पुन्हा दिला. इंजिन नुसतं ओरडलं. रांगेतल्या गाड्या एकेक करून ट्रॅकवर निघून गेल्या आणि शैलाची पांढरी गाडी घेऊन मी एकटा मागं राहिलो.

"ओ दाजी, बंद करा, बंद करा! क्लच जाळताय!"

हा मोमीन. मिरजेला त्याचं टायरचं दुकान. सकाळी गेटवर गाडी बघितल्या बघितल्या त्यानं मला दाजी करून टाकलं होतं. शैला त्या सगळ्यांची ताई, म्हणून मी दाजी. मला कुणी विचारलं नव्हतं.

निपाणीच्या अलीकडं हायवे सोडून आत गेलं की एका बंद सूतगिरणीच्या माळावर हा ट्रॅक होता. कुणा हौशी मालकानं बांधलेला. महिन्यातल्या एका रविवारी आसपासचे वेडे आपापल्या गाड्या घेऊन तिथं जमायचे. कुणी दुकानदार, कुणी डॉक्टर, कुणी मास्तर. हेल्मेट घालायचं आणि गाडी पळवायची. शैला बरीच वर्षं जात होती. मी कधी गेलो नाही. इचलकरंजीत माझी बेकरी आहे आणि रविवारी सकाळी खारी-टोस्टला रांग असते. ती उजाडता जायची, दिवे लागायच्या वेळी यायची. अंगाला पेट्रोलचा वास आणि चेहऱ्यावर हसू. "मजा आली?" "आली." त्यावर आमचं एवढंच बोलणं.

ती गेली त्याला तेव्हा वर्ष व्हायचं होतं. साध्या तापाचं निमित्त झालं आणि पंधरवड्यात सगळं संपलं. दिवसकार्याला ही ट्रॅकवरची मंडळी आली होती. त्यातला एक उंच माणूस आत आलाच नाही. दारात तिची गाडी उभी होती, तिच्या टपावर हात ठेवून तो रडत होता. रुमाल नाही, तोंड लपवणं नाही. येणारे-जाणारे बघत होते. माझा साडू माझ्या कानाशी लागला, "हा कोण रे?" मला सांगता आलं नाही. त्या दिवशी मी स्वतः रडलो नव्हतो. माझ्या दारात, माझ्या बायकोसाठी, माझ्यादेखत एक परका माणूस रडत होता आणि मी लोकांना ताट वाढलं का ते बघत होतो.

नाव नंतर कळलं. इंगवले. कागलला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. लग्न केलेलं नाही.

हे शेवटचं ऐकलं आणि माझं जेवणातलं लक्ष उडालं.

म्हणून मी त्या रविवारी बेकरी भाच्यावर सोपवली आणि तिची गाडी घेऊन निघालो. गाडी पळवायची हौस मला नव्हती. हा माणूस माझ्या बायकोचा कोण, एवढं मला बघायचं होतं. बघितलं आणि वाईट निघालं तर किल्ली तिथंच कुणाच्या तरी हातावर ठेवायची आणि एसटीनं परत यायचं, हेही ठरवून गेलो होतो. मग ती गाडी माझ्या दारात नको होती.

सकाळच्या पहिल्या राउंडला मी कसाबसा फिरून आलो. प्रत्येक वळणावर घाबरून ब्रेक दाबत होतो. बाहेर आलो, गाडी लावली, चहा घेतला. इंगवले आला, मला नमस्कार केला आणि गाडीकडं बघून म्हणाला, "आवाज बदललाय. एअर फिल्टर बदललात?"

बदलला होता. गेल्याच आठवड्यात सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. आठ वर्षं ती गाडी माझ्या दारात उभी होती आणि तिचा आवाज बदललेला मला कळला नव्हता.

आता ती हलत नव्हती. मोमीन पोटावर झोपून मागच्या चाकात डोकावत होता. डॉक्टर पाटणे पण आले. ते निपाणीचे, दातांचे डॉक्टर. गुडघ्यावर बसून त्यांनी चाकाला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"दाजी, मगाशी ट्रॅकवरनं आल्यावर हँडब्रेक वडला काय?" मोमीननं विचारलं.

"ओढला की. उतार आहे."

मोमीननं कपाळाला हात लावला.

"गाडी उभी केली की हँडब्रेक ओढायचा," मी म्हटलं. "ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हेच शिकवतात."

"बरोबर शिकवतात," डॉक्टर म्हणाले. "इथं उलटं आहे, दाजी."

मोमीननं मला समजावलं. ट्रॅकवर पळून आलेल्या गाडीच्या मागच्या चाकातला ब्रेकचा लोखंडी ड्रम भाजत असतो, तापून फुगलेला असतो. तेव्हा हँडब्रेक ओढला की आतले ब्रेक त्याला घट्ट धरून बसतात. मग ड्रम निवतो, आक्रसतो आणि त्यांना सोडत नाही. हँडब्रेक खाली केला तरी नाही. म्हणून इथं कुणी हँडब्रेकला हात लावत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड. मी जन्म भट्टीसमोर काढलेला माणूस. तापलेला पत्रा निवताना काय करतो हे मला दुसऱ्यानं सांगायला नको होतं. पण गाडी म्हणजे भट्टी असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मॅडम कधी ओढायच्या नाहीत," मागून आवाज आला. "घरीसुद्धा."

इंगवले होता.

घरीसुद्धा. ते खरं होतं. शैला घरी गाडी लावली की मागच्या चाकाखाली वीट सरकवायची. मला तो तिचा अजागळपणा वाटायचा. मी दुकानातून आलो की गाडीचं दार उघडून हँडब्रेक ओढायचो आणि वीट पायानं बाजूला करायचो. सकाळी ती वीट पुन्हा जाग्यावर ठेवायची. त्यावरून आमचं एकदाही भांडण झालं नाही. पण ती वीट या माणसाला कुठून ठाऊक?

"तुम्ही आमच्या घरी आला होता काय कधी?"

"दिवसकार्याला."

"त्याआधी?"

"नाही. का हो?"

"घरीसुद्धा म्हणालात."

मोमीन चाकाखालनं हसायला लागला. "अहो दाजी, आमच्या सगळ्यांच्या दारात वीट हाय! एकदा सवय लागली की लागली. माझी बायको म्हणती, लोक विचारतात, टायरचं दुकान बंद करून बांधकाम काढलंय काय म्हणून."

डॉक्टरही हसले. त्यांच्या घरी म्हणे पाटा-वरवंट्यातला वरवंटा होता. मला हसू आलं नाही. माझ्या दारातल्या त्या विटेला भावंडं होती, मिरजेला, निपाणीला, कागलला. आणि ते मला तिथं उभं राहून कळत होतं.

आणखी एक गोष्ट सकाळपासून माझ्या कानात खटकत होती, ती तेव्हा नीट कळली. मोमीन शैलाताई म्हणायचा. डॉक्टर ताई म्हणायचे. गेटवरचा म्हातारा वॉचमनसुद्धा ताई म्हणाला. इंगवले एकटा मॅडम म्हणत होता.

चाकं काढली. ड्रमला दोन बारीक भोकं असतात, त्यात बोल्ट घालून आवळत गेलं की ड्रम इंचाइंचानं बाहेर येतो. मोमीन आवळत होता, डॉक्टर लाकडाचा ठोकळा लावून हातोडी मारत होते. त्यांचा राउंड चालू होता, त्यांची गाडी बाजूला उभी. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही जा की."

"रोज दात उपटतो, दाजी. हे जरा मोठं आहे, एवढंच."

कुणीतरी माझ्या डोक्यावर छत्री धरली. कुणीतरी डबा उघडून माझ्या हातात भाकरी दिली, वर झुणका. "ताईंना आमच्या आईचा झुणका लई आवडायचा." मी कोरड्या भाकरीचाच तुकडा मोडला. घरी झुणका केला की ती म्हणायची, नको, मला पित्त होतं.

ड्रम धपकन सुटला. आत बघून मोमीननं च्च केलं. ब्रेकच्या शूवर चिकटवलेलं अस्तर तापून सुटलं होतं आणि तुकड्यांनी ड्रमला चिकटून बसलं होतं. नवे शू घातल्याशिवाय गाडी चालवणं शक्य नव्हतं. रविवार, निपाणीत दुकान उघडं मिळणार नव्हतं.

"माझे काढ," इंगवले म्हणाला.

त्याची गाडी हिची जुळी होती. तीच बनावट, फक्त लाल.

"येडा झालास काय?" मोमीन उठून बसला. "दुपारी टायमिंगचा राउंड हाय. वर्षातनं एकदा लावत्यात. मागल्या साली थोडक्यात पहिला नंबर हुकला, आणि वर्षभर आमचं डोकं खाल्लंस."

"काढ म्हणतोय न्हवं."

"नको," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मला कुणाचं काही नको. गाडी इथंच राहू दे. मी एसटीनं जातो."

"ही गाडी इथं राहणार नाही," इंगवले म्हणाला.

"गाडी माझी आहे की तुमची?"

"तुमची." त्यानं खाली बघितलं. "तुमचीच आहे. म्हणूनच तर."

मोमीन आमच्या दोघांकडं बघत होता. मग त्यानं पाना उचलून इंगवलेच्या हातात दिला. "घे बाबा. डॉक्टर, चला, आपण जेवून येऊ. ह्या दोघांना बसू द्या ठोकत." तो माणूस दिसायला गमत्या होता, पण आंधळा नव्हता.

माळावर ऊन तापलं होतं. आम्ही दोघंच. इंगवले आपल्या लाल गाडीचं मागचं चाक काढत होता. मला हातात धरायला त्यानं नट दिले. मी धरून उभा राहिलो. नुसतं उभं राहवेना म्हणून दार उघडं होतं त्यातून गाडीत बघितलं. आतल्या आरशाला एक राखी बांधलेली होती. साधी, गोंड्याची. उन्हानं तिचा रंग पार गेला होता.

मी थेट विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

"सगळे तिला ताई म्हणतात. तुम्ही का म्हणत नाही?"

तो पाना फिरवत होता, तो फिरवतच राहिला. नट निघाला, त्यानं तो माझ्या तळहातावर ठेवला.

"म्हणून बघितलं," तो म्हणाला. "तोंडात बसलं नाही."

हेच ऐकायला आलो होतो आणि ऐकल्यावर काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

"तिला माहीत होतं?"

"मी कधी बोललो नाही. पण त्यांना कळलं. बायकांना कळतं." त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. "राखीपौर्णिमेच्या आसपास आमचा रविवार आला होता. त्यांनी सगळ्यांसाठी राख्या आणल्या. मला आधी सुगावा लागला, म्हणून मी त्या दिवशी आलोच नाही. पुढच्या महिन्यात आलो, तर माझी राखी पर्समध्ये ठेवलेली. म्हणाल्या, हात पुढं करा इंगवले. मी हात मागं घेतला."

"मग?"

"माझ्या गाडीत बसल्या आणि ती आरशाला बांधली. म्हणाल्या, तुम्हाला नको तर नको. गाडीला बांधते. आजपासून ही गाडी माझा भाऊ. आता माझ्या भावाला नीट चालवा."

शैलाच. तिचंच बोलणं. तो आवाज मला जसाच्या तसा ऐकू आला, आणि तो दुसऱ्याच्या तोंडून आला म्हणून मला रडू फुटायच्या ऐवजी राग आला.

"आणि नंतर?"

"नंतर काय. त्यांच्या बाजूनं विषय संपला. पहिल्यासारखंच हसायच्या, बोलायच्या. मला एकदाही अवघडल्यासारखं वाटू दिलं नाही."

"आणि तुमच्या बाजूनं?"

इंगवलेनं शू काढून फडक्यावर ठेवले. "तुम्ही दिवसकार्याला मला बघितलंय की," तो म्हणाला.

मी त्याला मारणार होतो असं नाही. मी मारणारा माणूस नाही. पण नट हातातून टाकून हायवेकडं चालू लागावं असं वाटलं. आणि गंमत म्हणजे त्याच्याबद्दल आता मला काही वाटत नव्हतं. त्यानं काही घेतलं नव्हतं, काही मागितलंही नव्हतं. मला खुपलं ते वेगळंच. एवढी गोष्ट घडली आणि तिनं घरी येऊन मला सांगितली नाही. "मजा आली?" "आली." राखी पर्समध्ये महिनाभर होती, माझ्या घरात, आणि मला ठाऊक नाही. तिची एक गोष्ट अशी होती जी ती आणि हा माणूस, दोघांनाच माहीत होती. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं म्हणतात. येतं.

तरी मी तिथून गेलो नाही. त्यानं आपल्या गाडीचे शू शैलाच्या गाडीत बसवले, स्प्रिंगा लावताना मी पक्कड धरली, दोघांचेही हात काळे झाले. त्याची गाडी मागच्या चाकांशिवाय लाकडाच्या ठोकळ्यांवर बसून राहिली. ती संध्याकाळी मोमीनच्या पिकअपवर कागलला जाणार होती. मोमीन जेवून आला तेव्हा टायमिंगच्या राउंडसाठी गाड्या लागत होत्या. इंगवलेनं तिकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

"त्यांचं सुरू व्हायच्या आधी एक फेरी सावकाश मारून या," तो मला म्हणाला. "शू बसले पाहिजेत. मग घरापर्यंत काळजी नाही."

"तुम्ही चालवा," मी म्हटलं.

"मी?"

"ती जशी चालवायची तशी. मला बघायचंय."

मी असं का म्हणालो ते आजही मला सांगता येत नाही. बहुतेक मला त्याच्याजवळ काय काय आहे ते सगळं एकदाच मोजून घ्यायचं होतं.

तो तिच्या सीटवर बसला. मी डावीकडं. त्यानं सीट मागं सरकवली नाही, गुडघे दुमडून तसाच बसला. गाडी निघाली. पहिलं वळण त्यानं इतक्या हलक्या हातानं घेतलं की मला दाराला धरावंही लागलं नाही. हात वर, अंगठे बाहेर. बाजारात भाजीच्या हातगाड्यांमधनंसुद्धा ती तशीच गाडी काढायची. सरळ रस्त्यावर तो जरा पुढं वाकला. तीही वाकायची. मी त्याच्याकडं बघत नव्हतो, समोर बघत होतो, कारण समोर बघितलं की शेजारी ती होती.

मग गिरणीच्या टाकीपाशी एक लांबलचक डावं वळण आलं. वळण मोकळं होतं, पुढं कुणी नव्हतं. त्याच्या बरोबर मधे त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडीनं एक श्वास घेतला. मग त्यानं पुन्हा पाय ठेवला.

"इथं का सोडलात?"

"मॅडम इथं सोडायच्या." तो हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच. "प्रत्येक फेरीला. इथंच. आम्ही किती डोकं फोडलं यावर! मोमीन म्हणतो, गाडीचा तोल पुढं यावा म्हणून. डॉक्टर म्हणतात, टायरला विसावा. त्यांना विचारलं की नुसत्या हसायच्या. गुपित आहे म्हणायच्या. आता आम्ही सगळेच सोडतो. नव्या येणाऱ्याला पण तसंच शिकवतो."

डाव्या वळणात अंग उजवीकडं ढकललं जातं. उजवा गुडघा दारावर दाबला जातो.

तो गुडघा मी ओळखत होतो. शाळेत असताना ती विहिरीच्या पायरीवरून पडली होती आणि त्या गुडघ्याची वाटी तेव्हापासून ढिली होती. बाजूनं दाब आला की सरकायची आणि कळ मस्तकात जायची. मी तिला बघायला गेलो तेव्हा तिच्या घरच्यांनी ते लपवलं होतं. पोहे देताना तिनं सरळ चालून दाखवावं म्हणून आठवडाभर तालीम झाली होती. लग्नानंतर आठवड्याच्या आत तिनंच मला सांगितलं. पलंगाच्या कडेला बसली, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, माझा हात धरून त्या वाटीवर ठेवला आणि ती कशी सरकते ते दाखवलं. "फसवलंय तुम्हाला," म्हणाली. "आता काय करायचं ते करा. पण तुमच्या आईला सांगू नका. कुणालाच सांगू नका." मी सांगितलं नाही. माझी आई गेली, तिची आई गेली, आमच्या मुलीलाही ठाऊक नाही. आणि प्रत्येक ट्रॅकच्या रविवारी ती घरी आली की मी वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून तो गुडघा शेकायचो. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची.

फेरी संपली. इंगवलेनं गाडी बाजूला घेतली, गिअरमध्ये ठेवली, इंजिन बंद केलं. लगेच उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

"दाजी," तो म्हणाला. दाजी तो पहिल्यांदाच म्हणाला. "तुम्हाला कधी बोलल्या का हो त्या? तिथं का सोडायच्या?"

त्याच्या चेहऱ्यावर मोठी आशा होती. सकाळपासून त्या माणसानं मला ब्रेक दिले होते, आपला राउंड दिला होता, राखी सांगितली होती, हातचं काही राखलं नव्हतं. मी एक वाक्य दिलं असतं तर ते त्यानं जन्मभर जपून ठेवलं असतं.

"नाही बुवा," मी म्हटलं. "मला काहीच माहीत नाही."

त्यानं मान हलवली आणि उतरला. मी पलीकडून फिरून तिच्या सीटवर बसलो आणि घरी निघालो.